दोऱ्यावर दोरा

माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं आणि मला संगणक येत होता. त्यामुळे आमच्या घरात शहाणं कोण, हा प्रश्न माझ्यापुरता कधीच मिटला होता. त्यांना तो कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी त्यांनी हातातलं काम सोडून उत्तर दिलं नसतं.

मी त्यांना आत्याबाई म्हणायची. पेडगाव आमचं गाव. परभणीच्या वाटेवर त्या काळी कापसाच्या बियाण्याचं एक केंद्र होतं आणि आम्ही दोघीही तिथं कामाला जायचो. आत्याबाई शेतात, अकरा बायकांच्या टोळीच्या मुकादमीण. मी आत पंख्याखाली, धुळीच्या भीतीनं चादर पांघरून ठेवलेल्या संगणकापुढं. साल नव्वदच्या आगेमागे असेल. आख्ख्या केंद्रात संगणक एक आणि तो चालवणारी बाई मी एकटी. माझी मान तेव्हा जरा जास्तच ताठ असायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या खुर्चीवर मला बसवलं मात्र आत्याबाईंनीच. परभणीला संगणकाचा वर्ग निघाला तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सुनेनं शिकायला जायचं म्हटल्यावर भावकीनं नाक मुरडलं. आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एका घरात खुरपं धरायला दोन बायका कशाला लागतात, एक पुरे. झालं, विषय संपला. नामांतराच्या आंदोलनात कधी बस बंद पडली की त्या धाकट्या दिराला सायकल काढायला लावायच्या. वर्ग बुडाला नाही पाहिजे, एवढाच त्यांचा हुकूम.

आता त्यांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापसाच्या दोन जातींचा संकर हातानं करावा लागतो. उद्या उमलणारी कळी आज दुपारी हेरायची, नखानं सोलून तिच्यातले पुंकेसर काढायचे आणि तिला लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा. नख जरा खोल गेलं की कळी मेली. वर राहिलं की संकर फसला. ज्या झाडाची कळी ती आई, ज्याचा पराग तो बाप. टोळीतल्या बायका दिवसभर हेच करायच्या आणि तोंडानं जगाची लग्नं लावायच्या. ओळीत त्या सगळ्या शेजारी शेजारी बसत, पण पिण्याच्या पाण्याच्या घागरी दोन होत्या, आणि त्या वर्षांत तर दोन घागरींमधलं बोलणंही आखडलं होतं. अभिमानाच्या गोष्टी सांगायला बसले आहे, पण ही त्यातली नाही.

कोणत्या बोंडाचे आईबाप कोण, हे लक्षात ठेवायला केंद्रानं कागदी चिठ्ठ्या दिल्या होत्या. पण चिठ्ठ्यांची शाई पावसात जायची, आणि टोळीत वाचता येणाऱ्या दोघीच. म्हणून आत्याबाईंनी दोऱ्यांची रीत बसवली. केंद्रानं जातींना नंबर दिले होते, त्यांनी प्रत्येकीला एक रंग दिला. बोंडाच्या देठाला आधी आईचा दोरा, त्याच्यावर बापाचा. आई स्वतःच संकरातून आलेली असेल तर तिच्या आईबापाचे दोन दोरे एका गाठीत बांधायचे, आणि मग त्या गाठीच्या वर नवऱ्या मुलाचा, म्हणजे नव्या बापाचा दोरा. जुना दोरा गाळायचा नाही, ही सक्त ताकीद होती. वाचताना वरून वाचायचं. सगळ्यात वरचा दोरा बाप, त्याच्याखाली जे काय बांधलेलं असेल ते सगळं मिळून आई. केंद्राचा कारकून बायकांकडून दोरे वाचून घेई आणि वहीत उतरवी. त्या वहीवरून मी संगणकात.

संगणकातली पद्धत मुख्य कार्यालयानं ठरवून दिली होती. सगळा मजकूर सलग लिहायचा, पण प्रत्येक माहितीच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण. टोकदार कंसात ‘आई’ लिहिलं की आईची माहिती उघडली. तसंच पण आत तिरपी रेघ देऊन लिहिलं की ती मिटली. बापाचंही तसंच. एखाद्याची वंशावळ चार पिढ्यांची असो की एका, खुणांच्या आत खुणा घालून ती लिहिता येई. या सलग मजकुरातून आईबाप वेचून काढून प्लॉटची यादी छापायची, हा प्रोग्राम माझा. मी एकटीनं लिहिलेला. तो असा चाले की ‘आई’ उघडणारी पहिली खूण शोध, तिच्यानंतर ‘आई’ मिटणारी पहिली खूण शोध, मधलं उचल, त्यातल्या खुणा गाळ आणि छाप. बापाचंही तसंच.

पहिल्या वर्षी यादी अशी झरझर छापून आली की साहेबांनी पेढे मागवले. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त छापील कागदापुढं त्यांचा जीव पाघळायचा. पेढ्यांचा एक पुडा मी घरी नेला. आत्याबाईंनी अर्धा पेढा खाल्ला आणि विचारलं, मशीनला सगळं बरोबर वाचता येतं का. मी म्हटलं, माणूस चुकेल, मशीन चुकत नाही. हे वाक्य वर्गातल्या मास्तरांचं होतं, मी आपलं म्हणून खपवलं.

दुसऱ्या वर्षी संकरावर संकर झाले. गेल्या वर्षीच्या संकरातून आलेली झाडं आता आया झाली. हंगाम संपला, बी निघालं, माझी यादी निघाली. नंतर त्या बियांतलं थोडं थोडं बी उन्हाळी प्लॉटात विहिरीच्या पाण्यावर पेरलं. झाडं यादीप्रमाणं उगवतात का, ते पाहायची ती रीतच होती. झाडं हातभर झाली तशी साहेब प्लॉटातून लाल होऊन परत आले. यादीत आई बारा नंबरची आणि बाप सात नंबरचा अशा ओळी होत्या. या दोन्ही जातींची खोडं हिरवी. आणि प्लॉटात ओळीच्या ओळी तांबूस खोडाच्या उभ्या होत्या. तांबूस खोड म्हणजे एकतीस नंबर. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बायकांनी बोलण्याच्या नादात भलत्याच फुलाचा पराग फिरवला.

बोंडं निवडायच्या शेडमध्ये त्यांनी टोळीला उभं केलं आणि मला यादी घेऊन बोलावलं. सगळ्यांसमोर वाचा, म्हणाले. मी वाचली. एकेक ओळ, खणखणीत आवाजात. बारा आणि सात, बारा आणि सात. आत्याबाई समोर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. एकदाच म्हणाल्या की आमचे दोरे बरोबर आहेत. साहेबांनी कागदाकडं बोट दाखवलं. पुढच्या सोमवारपासून वालूरकडची टोळी आणायची, असं ठरलं. आमच्या टोळीतल्या चौघींना घरी शेत नव्हतं. हे काम सुटलं तर पुढच्या दसऱ्याला त्या नवऱ्यांबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, हे शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आणि आत्याबाईंच्या कपाळी जे लागलं ते निराळंच. बावीस वर्षं ज्या बाईच्या बोटांवर पंचक्रोशीतले लोक डोळे मिटून भरवसा ठेवायचे, तिचं नाव गफलत करणारी म्हणून निघालं. आणि ते तिच्या सुनेनं वाचून दाखवलं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. स्वयंपाक करताना मला राहवलं नाही आणि मी म्हटलं की एवढ्या बायकांत एखादीची चूक होऊ शकते, मशीनचं तसं नसतं. आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग उठून मागच्या खोलीत गेल्या.

त्या खोलीच्या भिंतीवर ओळीनं खिळे होते आणि खिळ्यांना सुकलेल्या काड्यांच्या जुड्या. प्रत्येक ओळीतलं एक बोंड देठासकट, दोऱ्यांसकट त्या घरी आणून ठेवत. मला तो नुसता कचरा वाटायचा. मी दोनदा तो चुलीत घालायला निघाले होते. त्यांनी त्यातली एक काडी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

“कोणती ओळ हाय ही, ते बघ तुझ्या कागदावर.”

ओळ कळायला काडीला खाचा होत्या. मी खाचा मोजल्या आणि यादी काढली. आई बारा, बाप सात.

“बारा पांढरा, सात हिरवा,” आत्याबाई म्हणाल्या. “दोगं एका गाठीत हायत, दिसायलेत का? आता त्याच्या वर काय हाय?”

वर तांबडा दोरा होता. एकतीस नंबरचा.

“मंग ह्यो वरचा तांबडा कुठं हाय तुझ्या कागदावर?”

मी काडी हातात घेऊन बसले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, तसं होतं ते. पण मी आरसाच शोधत होते. कारकुनानं वहीत चुकीचं उतरवलं असेल, असं मनाला समजावून झोपले. सकाळी केंद्रात जाऊन आधी वही काढली. वहीत बरोबर होतं. मग संगणकात मी स्वतः टाकलेला मजकूर काढला. तोही बरोबर होता. आई उघडली, तिच्या आत आई बारा, बाप सात, मग मोठी आई मिटली, मग बाप एकतीस. सगळं जिथल्या तिथं. मग राहिला कोण? मी लिहिलेला प्रोग्राम.

पहिली उघडणारी खूण त्यानं बरोबर पकडली होती, मोठ्या आईची. पण मिटणारी पहिली खूण होती आतल्या आईची, म्हणजे आजीची. तेवढ्यावर त्यानं समाधान मानलं. बापाचंही तेच. पहिला दिसला तो बाप, म्हणजे आजोबा. खरा बाप पुढं उभा होता, त्याच्यापर्यंत हा गेलाच नाही. नातवाच्या लग्नपत्रिकेत यानं आजीआजोबांनाच आईबाप करून टाकलं होतं. गेल्या वर्षी आजीआजोबा नव्हते, म्हणून पेढे वाटले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी.

खरं सांगते, तासभर मी तशीच बसून राहिले. प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करावा, नवी यादी छापावी आणि ‘पुन्हा तपासलं तर थोडा फरक निघाला’ म्हणावं, हे मनात येऊन गेलं. मग डोळ्यांपुढं ती काडी आली. बावीस वर्षं पुरावा जपून ठेवणारी बाई भिंतीवर खिळे ठोकत होती आणि मी चूक लपवायची जागा शोधत होते. मला माझी भयंकर लाज वाटली आणि त्यांचा तितकाच अभिमान वाटला. उठून साहेबांकडं गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले की बायकांना सोमवारी नेहमीसारखं येऊ द्या, वालूरच्या टोळीला मी नाही म्हणून कळवतो, आणि हे आपल्यातच राहू द्या. तुम्हाला कायम करण्याचा कागद वर गेला आहे, उगाच अडायचा. त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं. पण यादी मी सगळ्यांसमोर वाचली होती. मी म्हटलं, टोळीला शेडमध्ये बोलवा, मला आणखी एकदा वाचायचं आहे.

बायका आल्या, तशाच उभ्या राहिल्या. आत्याबाई तशाच, हाताची घडी घालून. मी आधी एवढंच म्हणाले, “दोरे बरोबर होते. चूक माझ्या प्रोग्रामची होती, म्हणजे माझी.” मग वही घेऊन एकेक ओळ वाचली, वरच्या दोऱ्यासकट. आवाज पहिल्या वेळेइतका खणखणीत नव्हता, पण एकही ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर मी वही मिटली. आत्याबाई म्हणाल्या, ऊन चढायलंय, चला. आणि टोळी कामाला निघून गेली. माझा कायम करण्याचा कागद अडला तो अडलाच. आणखी एक वर्ष मी रोजंदारीवर काढलं. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटत नाही.

प्रोग्राम मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला, आणि लिहिताना ती काडी टेबलावर ठेवली होती. आता तो पहिल्या मिटणाऱ्या खुणेवर थांबत नसे. खूण उघडली की एक वाढव, मिटली की एक कमी कर, आणि मोजणी शून्यावर आली की मगच समज की ही आई पुरी झाली. जे त्याच्या आत आहे ते तिचं, बाहेरच्याचं नाही. शिवाय मी त्याला एक गोष्ट शिकवली, जी मला स्वतःला त्या वर्षीपर्यंत येत नव्हती. एखादी खूण उघडून मिटलीच नसेल तर अंदाज करायचा नाही. थांबायचं, आणि या ओळीतलं मला कळलं नाही, असं सांगायचं. एकदा कारकुनानं शेऱ्यात ‘पेक्षा कमी’चं चिन्ह लिहिलं होतं, ते मी तसंच संगणकात टाकलं. ते नेमकं टोकदार कंसासारखं. जुन्या प्रोग्रामनं काहीतरी ठोकून दिलं असतं. नवा थांबला आणि म्हणाला, कळलं नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

नवी यादी घेऊन मी आधी घरी गेले, साहेबांकडं नाही. मागच्या खोलीत आत्याबाई एकेक काडी खिळ्यावरून काढून वरून दोरे वाचायच्या आणि मी कागदावर बोट ठेवायची. सगळ्या काड्या झाल्या. एकही चुकली नाही. आत्याबाईंनी शेवटची काडी जागेवर लावली आणि म्हणाल्या की उद्या दुपारी टोळीत येऊन बस. सगळ्यांत सोप्या कळीवर मला बसवलं. त्या दुपारी मी जितक्या सोलल्या त्यातल्या निम्म्या मेल्या. बायकांनी चेष्टा करून घेतली, आणि त्यांचा तो हक्कच होता. अंगठ्याचं नख आठ दिवस काळं राहिलं. तो अंगठा मी केंद्रात मुद्दाम दिसेल असा कागदावर ठेवायची.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. त्यानंतर दोन वर्षांनी उन्हाळी प्लॉटात पुन्हा एक ओळ वेगळी निघाली. एकच ओळ, पण यादीशी जुळेना. या वेळी साहेबांनी टोळीला बोलावलं नाही, सरळ माझ्याकडं आले. त्यांचंही बरोबर होतं. एकदा पोळलेल्या माणसानं ताकही फुंकून प्यावं. मी प्रोग्राम उघडला. मोजणी हातानं करून पाहिली. वही, मजकूर, यादी, तिन्ही शेजारी लावून पाहिली. दोन दिवस गेले. सगळं जुळत होतं, फक्त झाडं जुळत नव्हती. माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चालला होता. घरी मी फक्त एवढंच म्हटलं की एक ओळ सापडत नाही. कोणती, ते आत्याबाईंनी विचारलं, मी सांगितली. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन काडी पाहिली, आणि ती खिळ्याला परत लावली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोळीला शेडमध्ये नेलं आणि साहेबांना व मला निरोप धाडला. आम्ही गेलो तर त्या मी उभी राहिले होते त्याच जागी उभ्या होत्या. हातात ती काडी.

“यादी बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “दोरा माझा चुकला. त्या दिशी पिवळा सरला व्हता, मी केशरी बांधला. सांगायचं ध्यानातून गेलं.”

साहेब नुसते मान हलवत राहिले. टोळीतली एक म्हातारी म्हणाली की व्हतंय बाई एखाद्या टायमाला. आत्याबाईंनी काडी माझ्या हातात दिली आणि वहीत दुरुस्ती करून घ्यायला सांगितली. मी केली. दुरुस्तीखाली त्यांनी अंगठा उठवला. तो कुणी मागितला नव्हता.

संध्याकाळी पेडगावच्या रस्त्यानं परतताना मी त्यांना म्हटलं, की तुमच्यावर तर कुणाचा संशयच नव्हता. सगळे मलाच धरून बसले होते. तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला काय कळणार होतं.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“तू राहिली व्हतीस का गप?”

त्या दोन पावलं पुढं होत्या, नेहमीसारख्या भरभर चालत. मी पाय उचलले आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागले.